डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आमच्या जळोचीहून इंदापुरावरून पुढें जाऊन भीमा ओलांडली म्हणजे सोलापूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरीं १० ऑक्टोबर १९१० रोजीं द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला.

हल्लीं खेड्यापाड्यांतलींहि मुलें डॉक्टर होऊन परदेशीं जाऊं इच्छितात. तेथें गेल्यावर आपली पदवी पुरेशी मानीत नाहींत असें त्यांस आढळतें. इंग्लंडांत निराळी परीक्षा, अमेरिकेंत तर परीक्षा देऊनहि बहुधा पुन्हां इस्पितळांत उमेदवारी. रोग्याच्या जिवाशीं गांठ असल्यामुळें ही चौकशी अगदींच अन्यायाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु परवाना हातीं आल्यावरहि परक्या डॉक्टरापुढें एक भिंत उरते, आणि कोटणिसांस तिच्याशींच झगडावें लागलें.

मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली, तेव्हां चिनी सेनापति चू-ते यांनीं पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. पुढल्या वर्षीं सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असतां लोकांतून वर्गणी जमली व पांच डॉक्टर निवडले गेले: अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजीं त्यांनीं मुंबईचा किनारा सोडला. कोटणीस तेव्हां अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

चुंगकिंग येथें असतां वडील वारल्याची बातमी त्यांस पोहोंचली. घरीं भावंडें पुष्कळ. परत फिरले असते तर कोणीं दोष दिला नसता. ते फिरले नाहींत. फेब्रुवारी १९३९ मध्यें मंडळी येनानला पोहोंचली.

तेथें प्रमाणपत्र पाहण्यास कोणास सवड नव्हती. अडचण निराळीच होती. जखमी शिपाई कण्हत कांहीं सांगतो, तें डॉक्टरास कळत नाहीं. डॉक्टर धीर देतो, तो शिपायास कळत नाहीं. दुभाष्याच्या तोंडून नाडी कशी पाहावी? त्यांत चिनी भाषेंत तोच शब्द सूर बदलून उच्चारला कीं अर्थ पालटतो. कोटणिसांनीं ती भाषा नेटानें आत्मसात केली. पुढें वैद्यकशाळेंत ते चिनी विद्यार्थ्यांस चिनी भाषेंतच शस्त्रक्रिया शिकवूं लागले. लोकांनीं त्यांस के-दिहुआ असें नांव दिलें. त्यांतील हुआ म्हणजे चीन.

१९४० च्या मोठ्या लढाईंत त्यांनीं आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले. जपान्यांच्या वेढ्यामुळें औषधांचा सदा तुटवडा असे. जानेवारी १९४१ मध्यें डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नांवाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. हे बेथून कॅनडाचे, एका पाळकाचे पुत्र. तेहि परके, आणि १९३९ सालीं शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम चिघळून तेथेंच वारले. त्यांच्या जागीं सोलापूरचा तरुण बसावा, ही नेमणूक आम्हांस कोणत्याहि पदवीहून मोठी वाटते.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांनीं परिचारिका-शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशीं विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. त्याचें नांव यिन-हुआ: यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

अतिश्रमानें शरीर खंगलें होतें आणि फेफऱ्याचे झटके येऊं लागले होते. तरी काम सुटलें नाहीं. शस्त्रक्रियेवरील पुस्तकाचें लेखनहि चालूं होतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं हपै प्रांतांतील एका खेड्यांत, बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. बाळ तेव्हां साडेतीन महिन्यांचें होतें. तोहि पुढें वैद्यक शिकूं लागला, पण १९६७ सालीं शिक्षण पुरें होण्यापूर्वींच निवर्तला. क्वोबाई हिंदुस्थानांत येऊन सासरच्या मंडळीस भेटत असत. त्या २०१२ सालीं वारल्या. कोटणिसांच्या अस्थि पुढें शिच्याच्वांग शहरीं नेण्यांत आल्या. बेथून यांची समाधि त्याच आवारांत आहे.