पिंपरीचा बुरशीतज्ज्ञ

पोंभुर्णा तालुक्यात आषाढात धानाची रोवणी सुरू झाली की, मजूर स्त्रियांचे पाय दिवसभर बांधीतल्या चिखलात असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कातडी सोलवटते, खाज आणि आग होते. चिखल्या या नावाने परिचित असलेल्या या विकारात बुरशीचा मोठा वाटा असतो. अशा बुरशींना मारणारे औषध पुण्याजवळच्या पिंपरीत शोधणारे डॉ. मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार हे मूळचे वैद्यकाचे नव्हे, तर पिकांच्या रोगांचे अभ्यासक होते.

२२ सप्टेंबर १९१४ रोजी जन्मलेल्या तिरुमलाचारांनी उमेदीची वर्षे तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशींचे वर्गीकरण करण्यात घालवली. डॉ. बी. बी. मुंडकुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील काणी-बुरशींवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याची ओळख पेनिसिलीनमुळे झाली होती. मात्र पेनिसिलीन जीवाणूंना मारते, बुरशीला नाही. तिरुमलाचारांनी हीच उणीव हेरली.

१९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक जाहीर केले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव मिळाले. त्याच प्रयोगशाळेतून डर्मोस्टॅटिन आले, तसेच संत्र्याच्या झाडांचा डिंक्या आणि धानावरील करपा यांसाठी वापरले गेलेले ऑरिओफंगिनही आले. शेताची बुरशी आणि शरीराची बुरशी यांचा विचार त्यांनी एकत्रच केला. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराने त्यांच्या कार्याचा गौरव झाला.

परंतु औषध सापडले, म्हणजे ते रोगापर्यंत पोहोचले असे होत नाही. हमायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि पोटातून दिले तर रक्तात पुरेसे उतरत नाही. त्यामुळे तोंडातील वा योनिमार्गातील कँडिडासारख्या संसर्गांवर ते प्रामुख्याने जागच्या जागी लावण्याचे औषध ठरले. त्वचेवरही वाट सोपी नाही. तिचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. न विरघळलेले औषध या भिंतीवरच पडून राहते.

येथे पृष्ठसक्रिय द्रव्ये उपयोगी पडतात. रिठ्याच्या फेसामागे हाच गुण आहे: रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. अँफोटेरिसिन बी हे हमायसिनच्याच कुळातील औषध पित्तक्षाराच्या अशाच साहाय्याने शिरेतून देण्याजोगे झाले. सौम्य, विद्युतभाररहित पृष्ठसक्रिय रेणूंपासून निओसोम नावाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या बनवता येतात, त्या औषधाला कवेत घेऊन त्वचेच्या थरांत उतरवू शकतात. हमायसिनही अशा पिशव्यांत भरून पाहिले गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डॉ. बिमल कुमार बछावत आणि सहकाऱ्यांनी ते मेदाच्या पिशव्यांतून, म्हणजे लिपोसोममधून, उंदरांच्या शरीरातील बुरशीवर वापरले.

तिरुमलाचारांचे निधन २१ एप्रिल १९९९ रोजी कॅलिफोर्नियात झाले. त्यानंतरच्या काळात देशात औषधांना दाद न देणारा नायटा फोफावला. स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज दाबतात आणि बुरशीला रान मोकळे करून देतात, हे त्यामागचे एक मोठे कारण. बुरशीनाशक योग्य ठिकाणी, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस टिकले पाहिजे, हा पिंपरीतील शोधाने पुढे आणलेला प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही. सकाळी लावलेले मलम दुपारपर्यंत बांधीच्या पाण्यात धुऊन निघते, अशा रोवणीच्या दिवसांत तर तो अधिकच टोकदार होतो.