गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना गप्प बसता यायचं नाही

कीर्तन म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. फेटा-उपरणं घातलेले बुवा, साथीला पेटी आणि तबला. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. बुवा बोलणार, लोक ऐकणार आणि शेवटी आरती.

विसाव्या शतकात एका माणसाने हा सगळा साचा मोडला. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि जवळ मातीचं एक गाडगं. त्याच्या कीर्तनात बुवा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायची जबाबदारी समोर बसलेल्या गर्दीची असायची.

हा माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

त्यांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घरची जात परीट. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूने गुरं राखली, शेती केली. शाळेचं तोंड मात्र पाहिलं नाही.

पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. दारूने बाप नेला आणि अडाणीपणाने जमीन नेली. हे दोन घाव डेबूजी कधीच विसरले नाहीत.

त्या काळी बारशाला दारू आणि मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजींनी मुलीच्या बारशाला ती मोडली आणि गोडाधोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं आणि ते गावोगाव फिरू लागले.

गावात शिरल्यावर ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागायचे. गटारं साफ करायचे. लोक जमायचे, काही जण हातात झाडू घ्यायचे. दिवसभर गाव स्वच्छ झालं की रात्री त्याच गावात कीर्तन. म्हणजे कीर्तनाचा पहिला अंक दिवसाच सुरू झालेला असायचा आणि त्यातही गावकऱ्यांना काम असायचं.

रात्री देवाच्या नावाचा गजर व्हायचा, तुकोबांचे अभंग यायचे आणि मग अस्सल वऱ्हाडी बोलीत प्रश्न सुरू व्हायचे. देव कुठे असतो, असं ते विचारायचे. लोक देवळाकडे बोट दाखवायचे. मग त्या देवाला अंघोळ कोण घालतं, कपडे कोण नेसवतं, त्याच्या नैवेद्याची राखण कोण करतं, असे एकामागून एक प्रश्न यायचे. लोक उत्तरं देत जायचे, हसायचे. आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात यायचं की, ज्याला आपणच सांभाळतो त्याच्याकडे आपण नवस फेडायला जातो, त्यासाठी बकरं कापतो, कर्ज काढतो.

या पद्धतीची ताकद इथेच होती. कुणी वरून उपदेश केला की माणूस वाद घालतो. पण चारचौघांत आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर नाकारायचं कसं?

दारू, सावकाराचं कर्ज, नवसाची बोकडं, शिवाशिव, मुलांची शाळा. बाबांचे विषय ठरलेले होते आणि त्यातले बरेचसे त्यांच्याच घरात घडून गेले होते.

कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

लोक त्यांना देव मानायला लागले, तेही त्यांना नको होतं. पाया पडायला येणाऱ्यांवर ते काठी उगारायचे. मिळालेल्या देणग्या त्यांनी लोकांच्या सोयीसाठी वापरल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलांत येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राहायची सोय केली. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनमध्ये बाबांचं कीर्तन झालं. ते त्यांचं शेवटचं कीर्तन मानलं जातं आणि त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. बाबा विचारतायत आणि समोरची माणसं एका सुरात उत्तर देतायत, हे त्यात स्पष्ट ऐकू येतं. शिक्षणाचं महत्त्व पटवताना बाबांनी त्यात उदाहरण दिलं ते बाबासाहेबांचं. वडिलांनी मुलाला शाळेत घातलं आणि त्या मुलाने देशाची घटना केली, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर महिनाभरातच, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगाव इथे पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शाळेची पायरी कधी न चढलेल्या माणसाचं नाव. मुलांना शाळेत घाला, हे त्यांनी आयुष्यभर लोकांकडून वदवून घेतलं होतं.