शिशाचा जमाखर्च

कारखान्याच्या खातेवहीत कच्चा माल, मजुरी, व्याज सारे नोंदलेले असते. शिशाच्या धुळीने ज्याचे मनगट लुळे पडले, त्या कामगाराची नोंद मात्र नसे. ती घेण्यास अमेरिकेतील कारखानदारांना ज्यांनी भाग पाडले, त्यांत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन अग्रभागी होत्या.

१८६९ साली जन्मलेल्या अ‍ॅलिसबाईंनी १८९३ साली मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. १८९७ पासून त्या शिकागोच्या ‘हल हाउस’ ह्या गरीब वस्तीतील सेवाकेंद्रात राहू लागल्या. लुळ्या हातांच्या रंगाऱ्यांच्या कहाण्या तेथेच त्यांच्या कानी आल्या. १९१० साली इलिनॉय राज्याने व्यावसायिक रोगांची पाहणी केली, तेव्हा शिशाचा तपास त्यांनी स्वतःकडे घेतला.

कारखानदारांचे उत्तर ठरलेले होते: कामगार हात न धुता जेवतात, म्हणून आजारी पडतात. दोष गरिबाच्या सवयींवर ढकलण्याची ही युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही. बाईंनी रुग्णालयांची दप्तरे धुंडाळली, कामगारांची घरे गाठली आणि विष मुख्यतः धूळ व धुरावाटे, श्वासातून शरीरात जाते हे दाखवून दिले. शिसे हाडांत साठते, रक्त क्षीण करते, मज्जातंतू निकामी करते. पोटशूळ ही त्याची ओळखीची खूण. साबण स्वस्त होता, धूळ शोषून घेणारी यंत्रणा महाग. वादाचे मूळ येथे होते. १९११ साली त्या राज्यात व्यावसायिक रोगांचा कायदा झाला.

१९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. त्या तेथील पहिल्या स्त्री अध्यापक. परंतु अध्यापकांच्या क्लबात प्रवेश नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत स्थान नाही आणि १९३५ साली निवृत्त होईपर्यंत बढतीही नाही!

१९२४ साली पेट्रोलमध्ये मिसळावयाचे शिशाचे संयुग तयार करताना न्यू जर्सीत ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला परिषद भरली. कारखान्यात आवरता येणारे विष देशभर पसरल्यावर आवरणार कसे, असा बाईंचा सवाल होता. तो मानला गेला नाही. स्वस्त इंधनाची किंमत पुढे कित्येक दशके शहरांतील मुलांच्या मेंदूने मोजली.

१९७० च्या सप्टेंबरात, वयाच्या १०१ व्या वर्षी बाई वारल्या. कामगारांच्या सुरक्षिततेचा व्यापक संघीय कायदा त्याच डिसेंबरात झाला. शिसेयुक्त पेट्रोल मात्र भारतात २००० साली बंद झाले, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली.