जॉन ब्राउनिंग व एका पिस्तुलाची परीक्षा

परीक्षा या शब्दाशीं आमच्या विद्यार्थ्यांचा परिचय फार दाट आहे. परंतु निर्जीव वस्तूसही परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या निकालावर पुष्कळांचे प्राण अवलंबून असतात, हा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो. इ. स. १९११ मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें आपल्या लोकांसाठीं नवें पिस्तूल निवडलें. त्या निवडीची हकीकत व तें पिस्तूल योजणाऱ्या पुरुषाचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजीं युटा प्रांतांतील ऑग्डेन या गांवीं झाला. त्यांचे वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर असून मॉर्मन पंथाचे अनुयायी होते. पंथबंधूंच्या मागोमाग लांबचा व कष्टाचा प्रवास करून ते या नव्या मुलखांत येऊन राहिले होते. कुटुंब मोठें व शाळेंतील शिक्षण थोडकें. त्यामुळें वडिलांचें दुकान हेंच जॉन यांचें खरें विद्यालय झालें. मोडक्या बंदुका दुरुस्त करतां करतां कोणता भाग कां मोडतो, हें त्यांस लहानपणींच समजूं लागलें. पुढें आयुष्यभर हेंच ज्ञान त्यांच्या कामीं आलें.

इ. स. १८७९ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत मोठ्या घडामोडींचें ठरलें. त्या वर्षीं त्यांचा विवाह झाला, वडील निवर्तले, आणि एकबारी बंदुकीच्या नव्या रचनेबद्दल त्यांस पहिलें पेटंट मिळालें. मॅथ्यू वगैरे भावांच्या साह्यानें त्यांनीं ती बंदूक गांवांतच तयार करण्यास आरंभ केला. तिची कीर्ति ऐकून १८८३ मध्यें विंचेस्टर कंपनीचे अधिकारी दूरच्या ऑग्डेन गांवीं स्वतः आले व ८,००० डॉलर देऊन त्यांनीं तिचे हक्क विकत घेतले. अशा रीतीनें भरभराट होत असतां १८८७ मध्यें पंथाची आज्ञा झाली, तेव्हां हा मनुष्य हातांतील काम ठेवून सुमारें दोन वर्षें जॉर्जिया संस्थानांत धर्मप्रचारास गेला. ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत ठेवण्यासारखी वाटते.

परत आल्यावर त्यांस एक नवी कल्पना सुचली. बंदूक झाडली असतां गोळीमागून निघणाऱ्या वायूच्या झोतानें समोरचें गवत हालतें, हें त्यांनीं पाहिलें. ही शक्ति फुकट कां जावी? तिच्याच बळावर बंदूक आपोआप पुन्हां भरली जाईल, असें त्यांनीं ठरविलें व तसें यंत्र करून दाखविलें. पुढें त्यांनीं पिस्तुलाकडे लक्ष वळविलें. १८९७ पासून बेल्जियममधील लिएज शहरानजीकच्या कारखान्याशीं त्यांचा संबंध जडला; अमेरिकेंत कोल्ट कंपनीशीं तो त्याआधींच जडला होता.

याच सुमारास अमेरिकेचें सैन्य फिलिपाईन बेटांत लढत होतें. त्यांजजवळच्या रिव्हॉल्व्हरची गोळी ०.३८ इंच व्यासाची होती. ती लागूनही चालून येणारा शत्रु थांबत नाहीं, अशा तक्रारी येऊं लागल्या. तेव्हां १९०४ मध्यें शस्त्रखात्याचे थॉम्प्सन व वैद्यकीय खात्याचे लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनीं निरनिराळ्या गोळ्यांची परीक्षा केली. शिकागोच्या कत्तलखान्यांतील गुरांवर व मृतदेहांवर हे प्रयोग झाले. वाचतांना अंगावर शहारे यावेत असेंच तें काम होतें. गोळीचा व्यास ०.४५ इंचाहून कमी नसावा, असा त्यांनीं निर्णय दिला.

म्हणजे प्रथम गरज ठरली, मग माप ठरलें, आणि मगच कारागिरांस बोलावणें गेलें. १९०७ मध्यें स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंत अनेक कारखान्यांचीं हत्यारें तपासण्यांत आलीं. कोल्टनें पाठविलेलें पिस्तूल ब्राउनिंग यांच्या रचनेचें होतें. तें व सॅव्हेज कंपनीचें, अशीं दोन पसंत पडलीं; परंतु निर्दोष एकही नव्हतें. म्हणून दोन्ही प्रकारचीं २०० पिस्तुलें मागवून तीं घोडदळाच्या हातीं देण्यांत आलीं. कागदावर सोयीचें दिसणारें हत्यार घोड्यावर बसून, एका हातीं लगाम धरून वापरावें लागतें, तेव्हांच त्याचे गुणदोष उघड होतात. स्वारास एकाच हातानें पिस्तूल सुरक्षित करतां यावें, ही घोडदळाची मागणी होती. ब्राउनिंग यांनीं त्याप्रमाणें अंगठ्यानें फिरविण्याचा एक खटका बसविला. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप चालूं नये, अशीही योजना होती. नळी व तिजवरील सरकता भाग यांची जोडणीही त्यांनीं नव्यानें बांधली.

शेवटची कसोटी मार्च १९११ मध्यें झाली. प्रत्येक पिस्तुलांतून ६,००० गोळ्या झाडावयाच्या होत्या. शंभर गोळ्या झाल्या कीं तें थोडें निवूं द्यावयाचें, व हजार झाल्या कीं पुसून तेल घालावयाचें. त्यानंतर बिघडलेलीं काडतुसें, वाळू, चिखल व गंज यांच्याही परीक्षा झाल्या. सहा हजार गोळ्यांत सॅव्हेजचें पिस्तूल ३७ वेळां अडलें. ब्राउनिंग यांचें एकदांही अडलें नाहीं. २९ मार्च १९११ रोजीं सैन्यानें तें स्वीकारलें. १९८५ पर्यंत, म्हणजे ७४ वर्षें, तें अमेरिकेच्या सैन्याचें मान्य पिस्तूल होतें.

१९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां ब्राउनिंग यांनीं आपल्या शस्त्रांच्या हक्कांबद्दल सरकारनें देऊं केलेले ७,५०,००० डॉलर घासाघीस न करतां स्वीकारले. नेहमींच्या दरानें त्यांस याहून कितीतरी अधिक रक्कम मिळाली असती. २६ नोव्हेंबर १९२६ रोजीं लिएज येथें, कारखान्यांतच, हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. ते त्या वेळीं ७१ वर्षांचे होते व एका नव्या पिस्तुलाची त्यांची रचना अपुरी होती. सेव्ह नांवाच्या बेल्जियन कारागिरानें ती पुरी केली व १९३५ मध्यें तें पिस्तूल प्रचारांत आलें. त्याच जातीचें पिस्तूल पुढें आपल्या देशांतील ईशापूरच्या कारखान्यांत भारतीय सैन्यासाठीं तयार होऊं लागलें.

या चरित्राची दुसरी बाजूही आम्हांस झांकतां येत नाहीं. १९१४ मध्यें सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा प्राण ज्या पिस्तुलानें घेतला, तें ब्राउनिंग यांच्याच रचनेचें होतें. आणि त्या खुनाच्या पाठोपाठ महायुद्ध पेटलें. शांतीच्या राजास मानणाऱ्या आम्हांस हें वाचून दुःख होतें. शिपायाच्या संकटसमयीं हत्यार दगा देऊं नये म्हणून कारागीर प्रामाणिकपणें झटतो, पण उद्यां तें कोणाच्या हातीं जाईल, हें त्यास ठरवितां येत नाहीं. तें ठरविणें समाजाचें व राज्यकर्त्यांचें काम आहे, आणि आमचे विद्यार्थी उद्यांचे नागरिक आहेत. त्यांनीं ब्राउनिंग यांपासून दोष ऐकून घेण्याची व काम पुन्हां करण्याची चिकाटी शिकावी. आणि हातीं आलेलें सामर्थ्य कोठें वापरावें व कोठें आवरावें, हा विवेक प्रभूजवळ मागावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.