विश्लेषण : बुलढाण्यात गाजलेले सेलेनियम शोधणारे बर्झेलियस कोण होते? झऱ्याच्या पाण्याशी त्यांचा काय संबंध?

डोणगाव : शेगाव तालुक्यातील काही गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून नागरिकांचे केस गळून टक्कल पडू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने घेतले गेले, नायट्रेट जास्त आढळले, जड धातूंचीही तपासणी झाली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले आणि हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोहोचला. हे मूलद्रव्य शोधणाऱ्या माणसाची सुरुवातही झऱ्याचे पाणी तपासण्यातूनच झाली होती.

झऱ्यावरचा डॉक्टर

यॉन्स याकोब बर्झेलियस यांचा जन्म २० ऑगस्ट १७७९ चा, स्वीडनमधला. चार वर्षांचे असताना वडील गेले, काही वर्षांनी आईही. नातेवाइकांकडे वाढलेल्या या मुलाने उप्साला विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले. १८०० च्या सुमारास ते मेडेवी येथील झऱ्यावर सहायक डॉक्टर म्हणून काम करत होते. तिथले पाणी औषधी मानून रुग्ण लांबून प्यायला येत. त्या पाण्यात नेमके काय आहे, हे बर्झेलियस यांनी तपासले आणि त्यावरच प्रबंध लिहिला.

तेव्हा यंत्रे कुठली? पाणी आटवायचे, उरलेला क्षार तोलायचा, त्यात रसायने घालून एकेक घटक साक्याच्या रूपात खाली बसवायचा, गाळून, वाळवून पुन्हा तोलायचा. सारा भरवसा तराजूवर आणि हाताच्या स्थिरतेवर. पुढे याच चिकाटीने त्यांनी मूलद्रव्यांचे अणुभार ठरवले. ‘एच’, ‘ओ’, ‘एफई’ ही शाळेत पाठ करावी लागणारी चिन्हेही त्यांच्याच पद्धतीतली.

लाल गाळ आणि चंद्र

ग्रिप्सहोम येथील गंधकाम्लाच्या कारखान्यात बर्झेलियस आणि योहान गॉटलिब गान यांची भागीदारी होती. फालुनच्या खाणीतले खनिज वापरले की शिशाच्या खोल्यांच्या तळाशी लालसर गाळ साचे. तो जाळला की मुळ्यासारखा उग्र वास येई. १८१७ मध्ये दोघांनी हा गाळ तपासला. आधी त्यांना तो टेल्युरियम वाटला. पुन्हा तपासल्यावर बर्झेलियस यांना कळले, की हे नवेच मूलद्रव्य आहे. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून होते, म्हणून त्याच्या या भावंडाला ग्रीक चंद्रदेवता सेलीनीवरून ‘सेलेनियम’ नाव मिळाले.

त्याच्या हायड्रोजनयुक्त वायूचा वाटाण्याएवढा बुडबुडा बर्झेलियस यांनी हुंगून पाहिला. काही तास त्यांना अमोनियाचाही वास येईना, आणि सर्दी तर जवळपास पंधरवडाभर टिकली. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही.)

उशिरा, १८३५ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांनी लग्न केले. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

आज झऱ्याचे पाणी कसे तपासतात?

सेलेनियम काटेकोर अर्थाने जड धातू नाही, पण शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांच्यासोबतच ते मोजले जाते. शरीराला ते अत्यल्प लागते. जास्त झाले की केस आणि नखे गळतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे सेलेनियम, शिसे आणि आर्सेनिक प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, तर कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. इतके कमी प्रमाण चवीवरून, रंगावरून किंवा टीडीएस मीटरवर कळत नाही. मीटर एकूण क्षार सांगतो, विष कोणते ते नाही.

त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. राज्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा चालवते; नमुना देताना ‘जड धातूंची तपासणी हवी’ असे वेगळे सांगावे, आणि ती तिथे होते का हेही विचारून घ्यावे. धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नयेत म्हणून अशा नमुन्यात थोडे नायट्रिक आम्ल घालतात. त्यामुळे घरची कोल्ड्रिंकची बाटली भरून न नेता बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी बदलते, म्हणून दोन्ही वेळा नमुना द्यावा.