निलगिरीचा विश्वप्रसार करणारे बॅरन फॉन म्यूलर

सर्दी-पडशावर वाफ घेताना गरम पाण्यात टाकले जाणारे निलगिरीचे तेल मराठी घरांत इतके रुळले आहे, की हे झाड मुळात परदेशी आहे, याचा सहसा विसर पडतो. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावरून त्याला आपल्याकडे नाव मिळाले. १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी उटकमंड परिसरात जळणासाठी त्याची लागवड सुरू केली. मूळ स्थान मात्र ऑस्ट्रेलिया. तेथे त्याला गम ट्री, म्हणजे डिंकाचे झाड म्हणतात. सालीतून पाझरणाऱ्या लालसर चिकामुळे हे नाव पडले. या वृक्षकुळाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या आणि त्याचे बियाणे देशोदेशी धाडणाऱ्यांत अग्रभागी होते बॅरन फर्डिनंड फॉन म्यूलर.

म्यूलर यांचा जन्म ३० जून १८२५ रोजी जर्मनीतील रोस्टॉक येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. पंधराव्या वर्षी हुसुम येथील औषधालयात त्यांनी उमेदवारी सुरू केली आणि पुढे १८४७ मध्ये कील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कुटुंबात क्षयाने बळी घेतले होते. उष्ण व कोरड्या हवेच्या शोधात त्याच वर्षी ते दोन बहिणींसह अॅडलेडला पोहोचले. औषधविक्रेत्याच्या दुकानात नोकरी आणि उरलेल्या वेळात रानोमाळ भटकंती, असा त्यांचा क्रम होता. २६ जानेवारी १८५३ रोजी गव्हर्नर ला ट्रोब यांनी त्यांना व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले. हे पद त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळले.

घोड्यावरून एकट्याने केलेल्या प्रवासांत आणि १८५५-५६ च्या ग्रेगरी यांच्या उत्तर ऑस्ट्रेलिया मोहिमेत त्यांनी हजारो नमुने गोळा केले. मेलबर्नचा वनस्पतिसंग्रह ही त्यांचीच निर्मिती. आज त्यात सुमारे १५ लाख नमुने आहेत. मॅकाडेमिया या सुक्या मेव्याच्या वृक्षाला नाव दिले ते त्यांनी. जगातील सर्वांत उंच सपुष्प वृक्ष असलेल्या युकॅलिप्टस रेग्नन्सचे नामकरणही त्यांचेच. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचा महाग्रंथ लिहिण्याचा मान मात्र लंडनच्या जॉर्ज बेंथम यांना मिळाला. म्यूलर यांनी मन मोठे करून आपले नमुने सातासमुद्रापार पाठविले आणि सात खंडांच्या त्या कामाला हातभार लावला. १८७९ ते १८८४ या काळात त्यांनी निलगिरीच्या शंभर जातींचा सचित्र परिचय करून देणारा स्वतंत्र ग्रंथही सिद्ध केला.

एका देशातील उपयुक्त वनस्पती व प्राणी दुसऱ्या देशात नेऊन रुजविणे, हे त्या काळी प्रगतीचे लक्षण मानले जाई. १८६१ मध्ये व्हिक्टोरियात त्यासाठी खास संस्थाच स्थापन झाली आणि म्यूलर तिच्या कामात सहभागी होते. फ्रान्स, अल्जीरिया, इटली, कॅलिफोर्निया येथे त्यांनी उत्साहाने बियाणे पाठविले. त्यांत निळ्या निलगिरीची ख्याती सर्वाधिक. झपाट्याने वाढणारे हे झाड दलदलीतील पाणी शोषून घेते आणि त्याच्या उग्र वासाने दूषित हवा शुद्ध होऊन हिवताप हटतो, अशी समजूत होती. रोमजवळच्या ट्रे फोंताने मठातील साधूंनी याच आशेने त्याची राई लावली. हिवतापाचे खरे कारण डास, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत शोधून काढले ते ऑगस्ट १८९७ मध्ये. म्यूलर यांचे निधन होऊन तेव्हा दहा महिने लोटले होते.

या प्रसाराची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली. पोर्तुगालमध्ये आज सर्वाधिक वनक्षेत्र निळ्या निलगिरीनेच व्यापले आहे. तेलयुक्त पाने आणि सालीच्या सुक्या लांब पट्ट्या वणव्याला इंधन पुरवितात. वाऱ्याबरोबर उडालेली पेटती साल दूरवर नवी आग लावते. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे येथे निलगिरी आणि पाइनच्या रानांत भडकलेल्या वणव्यात ६६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे नव्या लागवडीवर कायद्याने निर्बंध आले. दक्षिण आफ्रिकेत पाणलोट क्षेत्रांतील गम ट्री आणि ऑस्ट्रेलियन बाभळी तोडण्यासाठी १९९५ पासून सरकारी मोहीम सुरू आहे. भूजल आटते या तक्रारीवरून कर्नाटकनेही २०१७ मध्ये नव्या लागवडीला मनाई केली.

खुद्द ऑस्ट्रेलियातही प्रश्न सुटलेला नाही. एका प्रांतातील झाड दुसऱ्या प्रांतात तण ठरते. म्यूलर यांनीच नाव दिलेला शुगर गम हा मूळचा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. शेताच्या बांधावर वारा अडविण्यासाठी तो व्हिक्टोरियात लावला गेला आणि आता तेथील उरल्यासुरल्या रानांत आपोआप उगवतो. कुंपणासाठी लावलेल्या शोभेच्या पिट्टोस्पोरमची नारिंगी फळे पक्षी खातात आणि बी रानात नेऊन टाकतात. त्याच्या दाट सावलीत स्थानिक गम ट्रीची रोपे तग धरत नाहीत. ब्लॅकबेरीची कहाणी सर्वांत बोलकी. वाटसरूंना फळे मिळावीत म्हणून म्यूलर डोंगरात तिचे बी पेरीत. आज ती राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे.

मात्र याच म्यूलर यांनी १८७१ मध्ये मेलबर्नच्या एका व्याख्यानात जंगलतोडीविरुद्ध इशारा दिला होता. वन नष्ट झाले, तर पाणी आणि हवामान दोन्ही बिघडेल, हे त्यांनी ओळखले होते. १८५७ पासून ते मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाचे संचालक होते. पण नागरिकांना हिरवळी, फुलांचे ताटवे आणि सजावट हवी होती. म्यूलर यांची शास्त्रीय मांडणी त्यांना रुक्ष वाटली. १८७३ मध्ये हे पद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले आणि विल्यम गिलफॉइल यांच्या हाती उद्यान गेले. हा घाव म्यूलर यांना आयुष्यभर सलत राहिला.

बॅरनपद, ब्रिटिश सरकारचा सर हा किताब, १८८८ चे रॉयल सोसायटीचे पदक, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. राहणी मात्र साधीच राहिली. ते अविवाहित होते आणि मिळकतीचा मोठा भाग ग्रंथ व संशोधनावर खर्च होई. १० ऑक्टोबर १८९६ रोजी मेलबर्नमध्ये त्यांचे निधन झाले.

म्यूलर यांना आजच्या निकषांवर दोषी ठरविणे सोपे आहे. झाड नव्या भूमीत गेले की त्याला खाणारे कीटक मागे राहतात आणि तेथील जीवसृष्टीचा तोल ढळू शकतो, हे ज्ञान त्यांच्या काळात फारसे रुजलेले नव्हते. ते ज्ञान आज आहे. तरीही केवळ लवकर वाढते आणि हिरवे दिसते, म्हणून परकी झाडे लावण्याचा मोह संपलेला नाही. कोणते झाड मूळचे कोठले, हे ठरविताना ऑस्ट्रेलियातील तणनियंत्रक मात्र आजही मेलबर्नमधील त्यांच्याच संग्रहाकडे वळतात.