जोडे शिवणारे विल्यम केरी

विल्यम केरी हे नाव आमच्या मंडळ्यांत पुष्कळांच्या कानावरून गेले आहे, परंतु बहुधा मोठा पंडित म्हणून. पंडित होण्यापूर्वी ते जोडे शिवीत असत, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

इंग्लंडात नॉर्थॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७६१ साली एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते एका चांभाराकडे उमेदवार राहिले. तेथील सोबत्याच्या संगतीने त्यांच्या मनात धर्माची खरी ओढ उपजली, आणि १७८३ साली नेन नदीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मोल्टन गावी ते मंडळीचे पाळक झाले खरे, पण तेथील वेतनात घर चालेना. म्हणून दिवसा शाळा शिकवावी आणि उरल्या वेळी आरी-रापी हाती धरावी, असा क्रम चाले. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी कागदाचे ताव चिकटवून जगाचा नकाशा केला होता, आणि निरनिराळ्या देशांतील लोकांची माहिती त्यावर लिहून ठेविली होती. हात चामड्यावर आणि डोळे नकाशावर! जवळच पुस्तक उघडे असे. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा त्यांनी अशाच साधल्या.

१७९३ साली ते बंगालात आले. कंपनी सरकारास मिशनरी नको होते, म्हणून मदनावती येथे निळीच्या कारखान्याची देखरेख पत्करून त्यांनी पोट भरले. १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर मरण पावला. थडगे खणावयास माणसे मिळणेही कठीण झाले. पत्नी डॉरोथी मुळात स्वदेश सोडण्यास राजी नव्हती. या दुःखाने तिचे चित्त बिघडले, ते १८०७ साली तिच्या मरणापर्यंत सुधारले नाही. केरींचे चरित्र सांगताना पुष्कळ जण या बाईस दोन ओळींत आटोपतात; आम्हांस ते योग्य वाटत नाही. त्या सेवेची किंमत तिनेही भरली, आणि न विचारता भरली.

सात वर्षे एकही बंगाली मनुष्य बाप्तिस्म्यास आला नाही. १८०० साली केरी हुगळीकाठच्या श्रीरामपुरास गेले. (हे आपल्या प्रवरेकडील श्रीरामपूर नव्हे, तेथे त्या वेळी डेन लोकांचा अंमल होता.) त्याच वर्षी कृष्ण पाल नामक सुताराचा हात निखळला. डॉक्टर टॉमस यांनी तो बसविला, आणि २८ डिसेंबरास कृष्ण पालाचा बाप्तिस्मा झाला. पहिले फळ एका कारागिराचे निघाले.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवू लागले. पगार मोठा होता, पण तो ते मिशनच्या सामाईक पेटीत टाकीत व स्वतः थोडक्यात भागवीत. पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले, १८१० साली मोडी अक्षरांत कोश काढिला, आणि १८११ साली नवा करार मराठीत प्रसिद्ध झाला. त्या भाषांतरात पुष्कळ दोष होते व पुढे इतरांनी ते काम नव्याने केले; तरी पहिली वाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे मोडावयाचेच.

११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद, खिळे आणि कित्येक वर्षांची हस्तलिखिते एका रात्रीत नाहीशी झाली. केरी कलकत्त्याहून परतले, त्यांनी राख पाहिली आणि ते पुन्हा लिहावयास बसले. वितळलेल्या शिशातून नवे खिळे ओतिले गेले.

१८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा बंगालीत उतरविण्यासाठी रविवारी सकाळी त्यांच्या हाती आला. उपासनेचे काम दुसऱ्यावर सोपवून ते दिवसभर भाषांतरास बसले, कारण एका दिवसाच्या विलंबाने कोणा विधवेचा जीव जाता.

अखेरच्या आजारात चालवेना, तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून बागेत नेत. तेही होईना, तेव्हा माळी खाटेजवळ येऊन रोपांची हकीकत सांगे. ९ जून १८३४ रोजी ते वारले.